१८६व्या पानापाशी

भाचीने पुस्तक परत केलं ते दारातूनच. खाली कुणीतरी गाडी सुरू ठेवून तिची वाट बघत थांबलं होतं, त्यामुळे आत येऊन बसणं वगैरे शक्यच नव्हतं. पिशवीतून ते जाडजूड धूड काढून तिने माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, तुझी खूण होती तिथेच ठेवलीये हं. हलवली नाही." तीन-चार पायऱ्या उतरली, मग काय वाटलं कोण जाणे, कठड्याला धरून थांबली आणि मान वर करून तिने विचारलं, "शेवट कसा वाटला गं तुला?"

"सुन्न व्हायला होतं," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली आणि धाडधाड उतरून गेली.

दार लावून मी तशीच उभी राहिले. पुस्तक ४१२ पानांचं. माझी खूण १८६व्या पानात. त्याच्या पुढे त्या कादंबरीत काय झालं, कोण जगलं, कोण मेलं, ते पत्र शेवटी पोचलं की नाही, मला काहीही माहीत नाही. गेली नऊ वर्षं मी ते पुस्तक लोकांना "वाचाच" म्हणून सांगत आले आहे, दोघातिघांना तर आग्रहाने वाचायला दिलं आहे. आणि 'सुन्न' हा शब्द तोंडातून किती सहज निघाला! तो शब्दच तसा आहे. नायक मेला तरी चालतो, जगला तरी चालतो, दोघांचं लग्न झालं तरी ज्याला सुन्न व्हायचं तो होतो. न वाचलेल्या पुस्तकांसाठी असे दोन-चार शब्द माझ्याकडे कायम तयार असतात. 'वेगळंच आहे', 'भाषा बघ त्याची', 'पहिली पन्नास पानं नेट लाव, मग सुटत नाही'. हे शेवटचं तर मी अशाही पुस्तकांबद्दल सांगितलं आहे, जी मी स्वतः चाळिसाव्या पानावर सोडली.

पण मला टोचत राहिलं ते खोटं बोलणं नव्हे. टोचलं ते तिचं आधीचं वाक्य. खूण होती तिथेच ठेवलीये, म्हणजे खूण तिने पाहिली होती. पुस्तकाच्या निम्म्याच्या अलीकडे अडकलेली खूण पाहूनही तिने मला शेवटाबद्दल का विचारावं? चिमटा होता का तो? की पोरीच्या मनात तसलं काही नव्हतं, आणि मीच चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी?

त्या रात्री मी कपाटासमोर स्टूल घेऊन बसले आणि खुणा मोजल्या. तेवीस निघाल्या. तेवीस पुस्तकं अशी, ज्यांच्या पोटात अजून काही ना काही अडकून होतं. सुतळीचा तुकडा. औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, चपटं झालेलं. वेष्टनाचाच आत दुमडलेला पंखा, जो उचलून पानांत सारला की वेगळी खूण लागत नाही आणि नंतर वेष्टन कायमचं वाकडं होतं. सगळ्यात जास्त वर्तमानपत्राच्या पट्ट्या. त्या पट्ट्यांचं एक आहे, त्या नुसत्या राहत नाहीत. वर्तमानपत्राच्या हलक्या कागदात आम्ल असतं, तो वर्षागणिक तपकिरी होत जातो आणि दोन्ही बाजूंच्या पानांवर आपली सावली उमटवतो. पट्टी काढून टाका, जागा बदला, सावली तिथेच राहते, अगदी पट्टीच्या मापाची, फाटक्या कडेसकट. एका पुस्तकात मला पट्टी मिळाली नाही, नुसती सावली मिळाली, पान ७२-७३ वर. म्हणजे तिथे मी बराच काळ थांबले होते आणि मग कधीतरी पुढे गेले. कुठवर, ते समजायला मार्ग नव्हता. पानाचा कान दुमडलेला मात्र एकाही पुस्तकात नव्हता. तो प्रकार मला सहन होत नाही. त्यावरून घरातल्या सगळ्या मुलांनी माझी बोलणी खाल्ली आहेत, या भाचीने सगळ्यात जास्त.

वाचणारा कुठे थांबला हे पुस्तक लपवू शकत नाही, याचा एक फार सुंदर पुरावा माझ्या वाचनात आला होता. कॅथरिन रूडी नावाच्या कला-इतिहासकार बाईंनी मध्ययुगातल्या हस्तलिखित प्रार्थनापुस्तकांचा मळ मोजला. खरंच मळ. बोटांनी पान धरून धरून कोपऱ्यापाशी जो काळपटपणा साचतो, तो. पृष्ठभागाचा गडदपणा मोजणारं डेन्सिटोमीटर नावाचं छोटं यंत्र त्यांनी पानापानावर टेकवलं आणि २०१० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्लेगपासून रक्षण करणाऱ्या संताची प्रार्थना जिथे होती, ती पानं काळीकुट्ट. जिवाची भीती असली की माणसं तेच पान पुन्हा पुन्हा उघडतात. आणि अपरात्री उठून म्हणायची एक प्रार्थना होती, तिच्या पहिल्या काही पानांवर मळ आणि पुढे पानं जवळजवळ स्वच्छ. रूडीबाईंचा तर्क असा, की वाचणारे तिथवर येऊन झोपी जात असत. मला हे वाचून कोण बरं वाटलं होतं! पाच-सहाशे वर्षांपूर्वी, देवाचं पुस्तक हातात, मेणबत्ती समोर, परलोकाची धास्ती मनात, आणि तरी डोळे मिटलेच. त्या माणसानेही सकाळी कुणी विचारल्यावर सगळी प्रार्थना म्हटली असंच सांगितलं असणार.

छापील पुस्तकांचं बिंग वेगळ्या तऱ्हेने फुटायचं. पूर्वी युरोपात पुस्तकं पुष्कळदा कडा न कापता विकली जात. मोठा कागद घडी घालून शिवलेला असे, आणि वाचता वाचता ज्याने त्याने सुरीने पानं सुटी करत जायचं. म्हणजे आजचं वाचन संपलं तिथे सुरी थांबली. चार्ल्स डार्विनला कार्ल मार्क्सने 'दास कापिटाल'ची प्रत सही करून भेट पाठवली होती. १८७३च्या ऑक्टोबरात डार्विनने आभाराचं पत्रही लिहिलं. ती प्रत अजून आहे, आणि आठशेच्या वर पानांतली सुमारे शंभर पानं तेवढी कापलेली आहेत, पुढचं सगळं बंद. लोक हे सांगतात ते डार्विनची फजिती म्हणून. मला मात्र त्याच्या पत्राचं कौतुक वाटतं. त्याने 'सुन्न झालो' असं लिहिलं नाही. अर्थशास्त्राचा हा खोल विषय मला अधिक समजत असता तर या भेटीला मी अधिक पात्र ठरलो असतो, अशा अर्थाचं लिहिलं. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल, खुद्द लेखकालाच, खोटं न बोलता एवढं नीट लिहिता येतं तर! मला पायऱ्यांवर उभ्या असलेल्या चोवीस वर्षांच्या मुलीशी ते जमलं नाही.

यात थोडा दोष संस्कारांचा आहे. 'आरंभशूर' हा शब्द मी लहानपणी इतक्यांदा ऐकला आहे की तो माझं दुसरं नाव असावा. त्याच्या जोडीला भर्तृहरी होताच. विघ्नांच्या भयाने सुरुवातच करत नाहीत ते नीच, सुरुवात करून विघ्न आलं की थांबतात ते मध्यम, आणि हाती घेतलेलं काही झालं तरी सोडत नाहीत ते उत्तम. पाठांतराच्या वयात अर्थ लागत नव्हता, पण आपण मधल्या ओळीतले हे तेव्हाच कळून चुकलं होतं. गंमत म्हणजे श्लोकाच्या हिशेबाने, ज्याने पुस्तक उघडलंच नाही तो माझ्याही खाली. व्यवहारात मात्र न उघडणाऱ्याला कुणी काही बोलत नाही. अर्धं टाकणाऱ्यालाच विचारतात, मग पुढे काय झालं?

पुस्तक सोडायची रीतसर परवानगी देणारी मंडळीही आहेत, आणि मी ती हौसेने गोळा केली आहेत. इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सनला १७७३ साली एकाने एका नव्या पुस्तकाबद्दल विचारलं, तो म्हणाला, चाळलंय. "म्हणजे पूर्ण नाही वाचलं?" त्यावर जॉन्सन उखडला आणि उलट विचारता झाला, "तुम्ही पुस्तकं पूर्ण वाचता?" नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी तर हिशेबच बांधून दिला आहे. पन्नास पानं वाचा, रमला नाहीत तर खुशाल सोडा. आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं पुस्तकाला द्या. उरलेलं आयुष्य कमी, तशी पुस्तकाला मुदतही कमी. मी बावन्न वर्षांची आहे, म्हणजे अठ्ठेचाळीस पानं. शंभरी गाठली की शून्य, तेव्हा मुखपृष्ठावरून निकाल दिला तरी माफ. हा नियम कळल्यावर मी आठवडाभर खुशीत होते. मग लक्षात आलं, की पन्नास पानांवर सोडलेली पुस्तकं मला छळतच नाहीत. ती सभ्यपणे निघून जातात, त्यांची नावंही आठवत नाहीत. छळतात ती १८६वर सोडलेली. ज्यांच्या घरात आपण चांगले रुळलो होतो, दार कुठल्या बाजूला उघडतं हे माहीत झालं होतं, आणि एका संध्याकाळी न सांगता निघून आलो.

तर ती खूण. भाचीने जपून तिथेच ठेवलेली. मी ती त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिली.

चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी होती. दुहेरी दुमडलेली, शाई फिकी पडलेली, दोन्ही डोळ्यांचे रकाने, दूरच्या नंबराला रेघ मारलेली आणि जवळच्यासमोर +१.२५. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. मी मटकन खाली बसले असं लिहिलं असतं, पण मी आधीच स्टुलावर होते.

कारण ते पुस्तक मी का सोडलं याची एक गोष्ट माझ्याकडे होती, आणि ती मी इतक्यांदा सांगितली होती की मला ती खरी वाटत होती. पुस्तक थोर आहे, पण मध्ये फार पसरतं. लेखकाला पात्रांपेक्षा स्वतःच्या वाक्यांचं कौतुक जास्त. मधली शंभर पानं कापली असती तर. चांगलं समीक्षकी बोलणं होतं ते. आणि आता ही चिठ्ठी. त्या वर्षी मी त्रेचाळीस वर्षांची होते, आणि मला आठवायला लागलं. रात्री दिव्याखाली पुस्तक धरलं की ओळी एकमेकींत मिसळायच्या. मी पुस्तक थोडं लांब धरायची, मग आणखी थोडं. हातांची लांबी संपली तेव्हा दिवा बदलला. दिवा बदलूनही भागेना तेव्हा छापणाऱ्याला नावं ठेवली. दहा मिनिटांत कपाळ ठणकायचं, त्याच ओळीवर तीन-तीनदा यायची, आणि पुस्तक छातीवर ठेवून झोप. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगायची, पुस्तक पकडच घेत नाही. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होत जातं, जवळचं पाहायला त्याला फुगीर व्हावं लागतं ते त्याच्याने होईना झालं, एवढंच घडत होतं. चाळिशीच्या आसपास ते सगळ्यांचंच होतं. आपल्या भाषेने तर त्या चष्म्याचं नावच 'चाळिशी' ठेवलं आहे, त्यात काही गुपित नाही. पण मला चाळिशी लागणं मान्य नव्हतं. लेखक रटाळ असणं मान्य होतं.

शेवटी जाऊन तपासून आले, चिठ्ठी हाताशी होती ती पुस्तकात खूण म्हणून घातली, आणि चष्मा येईपर्यंत आठ दिवस काहीच वाचलं नाही. चष्मा आल्यावर नवं पुस्तक उघडलं. त्यातली अक्षरं अशी काळीभोर, टोकदार दिसली की मला वाटलं, हा काय लिहितो! जुनं पुस्तक परत उघडायचं कारणच उरलं नाही. त्याच्यावर निकाल लागून गेला होता.

मग मी बाकीच्या बावीस पुस्तकांकडे वळले. कुठलं केव्हाचं हे ठरवणं सोपं नव्हतं, पण सहा-सात तरी त्याच दोन वर्षांतली असणार, सगळी बारीक टाइपातली. त्यातल्या एकाबद्दल मी कुणाला तरी मोठं पत्र लिहिलं होतं, त्याच्या अपयशाची कारणमीमांसा करणारं. उरलेल्यांची कारणं निराळी. एक पुस्तक मी दवाखान्यात सोबतीला म्हणून बसायची तेव्हा वाचत होते. पेशंट बरा होऊन घरी आला, पुस्तक मात्र पुन्हा उघडलं की नाकात तो फिनेलचा वास. एक सोडलं ते आवडत होतं म्हणून. त्यातली म्हातारी मरणार हे दिसत होतं, आणि मी १५ पानं अलीकडे थांबले. माझ्या कपाटात ती अजून उन्हाला बसून लोकर सोडवते आहे. याला पळपुटेपणा म्हणा, मी तिला मारणार नाही. दोन पुस्तकं मात्र खरोखरच वाईट होती. तसं म्हणायचा धीर आता मला कमी होतो.

लोक पुस्तकं टाकतात यावर इतरांनी हसून घेतलं आहे. जॉर्डन एलेनबर्ग या गणितज्ञाने २०१४ साली अर्ध्या थट्टेत एक निर्देशांक काढला. किंडलवर वाचकांनी अधोरेखित केलेल्या सर्वाधिक लोकप्रिय ओळी पुस्तकात कुठवर पसरल्या आहेत ते पाहायचं. सगळ्या सुरुवातीलाच दाटल्या असतील तर पुढे कुणी गेलंच नाही, असं समजायचं. नाव दिलं स्टीफन हॉकिंगचं, कारण त्याचं १९८८चं विश्वाच्या इतिहासाचं पुस्तक घरोघरी विकत घेतलेलं आणि न वाचलेलं म्हणून प्रसिद्ध. ते ६.६ टक्क्यांवर आलं. त्या वर्षी गाजत असलेला पिकेटीचा अर्थशास्त्राचा ग्रंथ २.४ टक्क्यांवर. पण मला एलेनबर्गपेक्षा मायकल किन्स्ली हा अमेरिकन संपादक जास्त आवडतो. त्याने १९८५ साली वॉशिंग्टनच्या दुकानांत चर्चेत असलेल्या पुस्तकांच्या सत्तरेक प्रतींत, बरंच आत, चिठ्ठ्या सरकवून ठेवल्या. ही चिठ्ठी सापडली तर या नंबरवर फोन करा, पाच डॉलर मिळतील. एकही फोन आला नाही. मला त्या चिठ्ठ्या दिसतात. पुस्तकं विकली गेली, बैठकीच्या खोल्यांत लागली, त्यांवर गप्पा झाल्या, कुणी कुणी 'सुन्न' झालं, आणि आत तो कागद पडून राहिला, कुणी इथवर येईल म्हणून.

परवापासून मी ते पुस्तक पुन्हा धरलं आहे. १८६पासून सुरू करता येईना, नावंही आठवत नव्हती, म्हणून पहिल्या पानापासून. आता माझा नंबर +२.२५ आहे. आधी कबूल करून टाकते, पुस्तक पसरतंच. माझी समीक्षा अगदीच चुकीची नव्हती, याचा मला चोरटा आनंदही झाला. पण ज्या वर्णनांना मी फाफटपसारा म्हणत होते, त्यात एका खोलीतला उजेड दिवसभर कसा सरकतो ते चार पानं लिहिलेलं आहे, आणि ती चार पानं मी तेव्हा, डोळे बारीक करून, कपाळ दाबत, उजेडाचा एक कवडसाही न दिसता वाचली होती. १८६व्या पानावर आले तेव्हा चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. खाली तिची सावली उमटली नव्हती. बरा कागद होता.

पुढची पानं नवी. म्हणजे माझ्यासाठी. पुस्तकाच्या कण्यावर उघडून उघडून पांढऱ्या रेघा पडतात ना, तशा या पुढेही पडलेल्या होत्या. ही भाची वाचत गेली होती. एका समासात बोटाचा ठसा, एका पानावर काही सांडून पुसल्यासारखं. मी तिच्या मागोमाग चालले होते. २४१व्या पानाचा कान दुमडलेला होता. छोटा, टोकदार, आणि मग कुणीतरी घाईने सरळ करून नखाने दाबून बसवलेला. कितीही दाबला तरी घडीची रेघ जात नाही. २४२वर मी पुस्तक सपाट उघडायला गेले तर ते हातात ताठ उभं राहिलं, कड्‌ असा आवाज झाला, नव्या पुस्तकाचा होतो तसा. तिथून पुढे कण्यावर एकही रेघ नाही.

तिचं ते "हो ना" मला ऐकू आलं. किती पटकन म्हणाली होती.

काल रात्री मी २६०व्या पानावर होते तेव्हा तिला मेसेज केला. 'एक सांगायचं होतं. त्या पुस्तकाचा शेवट मी वाचलाच नव्हता. आत्ता कुठे २६०वर पोचलेय.' दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मग ती काहीतरी लिहिते आहे असं दिसायला लागलं, थांबलं, पुन्हा दिसायला लागलं. मी चष्मा कपाळावर सरकवून वाट बघत बसले.

'पुढचं सांगू नकोस हं,' एवढंच आलं.